नवसाचा रोडगा
गोवऱ्यांचा धूर नाकात गेला की मला समुद्रपूरच्या आमच्या शेतातली ती दुपार आठवते. त्याआधी वर्षभर मी काहीही खाल्लं तरी वाळतच चालले होते, म्हणून आईनं धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मारुतीला नवस बोलला होता, पोरगी बरी झाली तर रोडगे करीन. पुढे तपासणीत सिलिॲक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, निघाला, गहू कायमचा सुटला आणि माझ्या अंगावर पुन्हा मांस धरू लागलं. आईच्या लेखी मात्र नवस फेडायचाच होता. तुरीच्या कडेला गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता, त्यात कणकेचे गोळे भाजले जात होते, वांग्याच्या भाजीवर तर्री आली होती. नैवेद्य झाल्यावर आईनं रोडगा फोडला, तुपात बुडवला आणि सगळ्या नातेवाइकांदेखत माझ्यापुढे धरला. "आई, डॉक्टरनं कणभर बी नोको म्हटलं ना," मी पुटपुटले. "देवाचा हाये वं माय. तुह्याच नावानं बोलली होती मी. येक घास खाय, काई नाई होत." मी घास हातात घेतला, पण तोंडात न घालता मूठ मिटली. तूप ओघळत कोपरापर्यंत आलं. आईनं पदरानं माझा कोपर पुसला आणि एवढंच म्हणाली, "मंग नवस कसा फिटन?" आता मी धडधाकट आहे. पण मला साधा ताप आला तरी आई आधी कपाळाला हात लावत नाही, माझ्या मुठीकडे बघते.