भेव गेल्यावर ये

मूर्तिजापूरहून फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते. आमच्या चर्चचे जुने पाळकसाहेब गेले. नव्वदी ओलांडलेला माणूस, कधीतरी जायचाच. तरी शेंगा तशाच राहिल्या. मला बाप्तिस्मा नाकारणारा माणूस गेला होता.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. उन्हाळ्यात अमरावतीला बाहेरगावचे एक उपदेशक आले आणि नरकाचं असं रसाळ वर्णन करून गेले, की मी सोळा वर्षांची शहाणी दुसऱ्याच दिवशी बाप्तिस्म्यासाठी नाव देऊन आले. तोवर मरायचं नाही, एवढाच माझा कार्यक्रम. विहिरीवर जाईना. कोय घशात अडकेल म्हणून आंब्याला तोंड लावीना. हसा खुशाल... पण अंथरुणाला पाठ टेकली की खरोखर घाम फुटायचा.

पाळकसाहेब आणि चर्चचा कारभार पाहणारे दोन वडीलजन यांच्यापुढे मी विश्वासाची कबुली घडाघडा म्हटली. वडीलजन खूश. पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, "काहून पाहिजे वं तुले बाप्तिस्मा?"

"नरकाचं भेव लागते, साहेब."

"मंग भेव गेल्यावर ये. तवाही येशू पाहिजे असन तं देऊ."

भेव जातं कुठलं! पंधरवड्यानं मी पुन्हा हजर. "गेलं भेव," असं म्हणते न म्हणते तोच बाहेर कुणाच्या तरी सायकलची ट्यूब फुटली, आणि मी टेबलाखाली.

"दिसून राहिलं," साहेब म्हणाले.

मला रडूच कोसळलं. "आन् मी मंधातच मेली तं? देवाले काय सांगसान तुमी?"

वडीलजन माझ्यावर खेकसले. साहेबांचा चेहरा मात्र उतरला. "तेच भेव मले हाये, पोरी," ते हळूच म्हणाले. "तुले थांबवलं आन् तू गेली तं? घाईनं हो म्हणलं, आन् भेव ओसरल्यावर तू येशूले सोडलं तं? तुह्या आतलं मले काई दिसत नाही..."

एवढा मोठा माणूस भितो, हे मला नवीन होतं. त्यानंतर दर रविवारी उपासना झाली की ते माझ्याशी बोलत बसायचे. नरकाचं नावही काढत नसत. मग एकदा माझ्या ध्यानात आलं, आठवडाभर भ्यायचं राहूनच गेलं होतं, प्रार्थना मात्र सुटली नव्हती. तसं सांगितलं, आणि त्यांनी मला बाप्तिस्म्याच्या हौदात उतरवलं.

आता अकोल्याच्या चर्चमध्ये मीही वडीलजनांत बसते. परवा एका पोरीनं कबुली घडाघडा म्हटली, आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. हो म्हणू, की थांब म्हणू... विचारायला साहेब नाहीत. मी पदरानं कपाळ पुसलं.

"आजी, परीक्षा माही हाये," पोरगी म्हणाली. "तुमाले काहून घाम फुटून राहिला?"