पाण्यापर्यंत घातलेल्या फळ्या

बावन्न वर्षांची होईपर्यंत मी समुद्र तीनदा पाहिला होता, आणि एकदाही त्याच्या पाण्याला हात लावला नव्हता. पहिल्यांदा कॉलेजच्या सहलीत गेले, दुसऱ्यांदा ऑफिसच्या, आणि तिसऱ्यांदा बहिणीच्या घरच्यांबरोबर. दर वेळी तेच व्हायचं. डांबरी रस्ता संपेल तिथं गाडी थांबायची, सगळे चपला काढून पळत सुटायचे आणि मी त्यांच्या चपला, पर्स आणि मोबाईल सांभाळत कठड्यावर बसून राहायची. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा लोखंडी आधार, आहे आणि दोन्ही काखांत कुबड्या. रस्त्यावर, जिन्यावर, सोलापूरच्या कुठल्याही सरकारी कचेरीत मी कुणाच्या मदतीशिवाय फिरते. पण वाळूत कुबडी वीतभर आत जाते, आणि ती उपसून पुढं टाकेपर्यंत दुसरी रुतलेली असते.

त्यामुळे बहिणीची मुलगी इटलीहून फोनवर म्हणाली, "मावशी, उन्हाळ्यात ये. आपण समुद्रावर जाऊ," तेव्हा मी हसले. ती तिथं एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे.

"समुद्र सोडून दुसरं काय आहे तुझ्या त्या इटलीत?" मी विचारलं.

"लई काही आहे. पण समुद्रावर जायचंच. तू ये तर."

बहिणीचा मात्र विरोध होता. "कशाला गं? पोरगी उत्साहात बोलती. तितं वाळूत तू काय करणार? नुसती बसून येणार." ती काळजीनं बोलत होती, पण मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला.

जुलै महिना होता. भाचीच्या गावाहून दोन तास रेल्वेनं आम्ही त्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात पोचलो. पाच दिवस राहायचं होतं. ऊन आपल्याकडच्या मार्चसारखं, डोळ्यांवर येणारं. हॉटेलातून निघताना मी मनाशी ठरवून टाकलं होतं की कडेला एखादा बाक बघायचा, पोरीला म्हणायचं तू जा, मी इथं बरी आहे. हे वाक्य मला पाठच होतं.

पण तिथला किनारा आपल्यासारखा मोकळा पसरलेला नव्हता. रस्त्याला लागून एक फाटक, आत तिकिटाची खिडकी, कपडे बदलायला निळ्या रंगाच्या लाकडी खोल्यांची ओळ, आणि त्यापलीकडं छत्र्याच छत्र्या. सगळ्या एकाच रंगाच्या, एका उंचीच्या, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करावीत तशा सरळ रांगांत. प्रत्येक छत्रीला नंबर आणि खाली दोन आरामखुर्च्या. भाचीनं सांगितलं, इथं घराणीच्या घराणी वर्षानुवर्षं त्याच छत्रीखाली येतात. शेजारच्या छत्रीवाल्यांची लग्नं, बारशी सगळी माहीत असतात.

आणि फाटकापासून थेट पाण्याच्या दिशेनं लाकडी फळ्यांची वाट घातलेली होती. हातभर रुंदीच्या फळ्या, एकीला एक जोडून, मधूनच प्रत्येक रांगेकडं वळलेल्या. एक माणूस खराट्यानं त्यांच्यावरची वाळू झाडत होता. मी कुबडी टेकून पाहिली. खट्ट आवाज आला. मग दुसरी टेकली. मी चालत राहिले आणि वाळूच्या मधोमध असलेल्या आमच्या छत्रीपाशी येऊन उभी राहिले, तरी मला खरं वाटेना. समुद्र इतक्या जवळून मी कधी ऐकला नव्हता.

शेजारच्या छत्रीखाली ऐंशीच्या पुढची एक बाई होती. काटकुळी, उन्हानं खजुरासारखी झालेली, अंगात फुलाफुलांचा पोहण्याचा पोशाख. तिनं आधी माझ्याकडं बघून मान हलवली आणि मग अगदी उघडपणे माझ्या पायाकडं पाहिलं. आपल्याकडं लोक चोरून बघतात. ही सरळ बघत होती. मग तिनं एकच शब्द विचारला, "पोलिओ?"

तो शब्द तिच्या आणि माझ्या भाषेत एकच निघाला. मी मान हलवली. ती भाचीशी भराभर काहीतरी बोलली.

"त्यांच्या थोरल्या बहिणीला झाला होता म्हणतात," भाचीनं सांगितलं. "आणि विचारतायत, तुम्ही पाण्यात किती वाजता जाता?"

"सांग त्यांना, मी जात नाही."

भाचीनं सांगितलं. म्हातारीनं भुवया वर केल्या आणि पुन्हा काहीतरी विचारलं. भाची हसली.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, मग एवढ्या लांब कशाला आल्या?"

अकरा वाजता ती बाई उठली, फळ्यांवरून डुगडुगत पाण्याकडं गेली आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून दुसऱ्या एका बाईशी तासभर गप्पा मारत राहिली, जशा आपण दारात उभं राहून मारतो. भाची कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारून आली. तिला पोहता येत नाही. मी दिवसभर छत्रीखाली होते. माझ्या मांडीवर दोन मोबाईल आणि एक पर्स होती.

संध्याकाळी जेवताना भाचीनं सहज विचारलं, "मावशी, तुला कधी पोहावंसं नाही वाटलं?"

"मला पोहता येतं," मी म्हणाले.

तिच्या हातातला काटा तसाच राहिला. हे तिच्या आईनंही तिला कधी सांगितलं नव्हतं; बहीण तेव्हा पाळण्यात होती. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, उजनी धरणाच्या फुगवट्यावर एका बागायतदाराच्या पाणी उपसायच्या मोटारी बघायचे. आम्ही काठावरच राहायचो. मी आठ वर्षांची असताना एक दिवस आण्णांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि मला पाण्यात सोडलं. आई काठावरून ओरडत होती, "अवो, पोरीचा पाय तसला, बुडंल की!" आण्णा म्हणाले, "हात हायत की तिला." उन्हाळा संपेपर्यंत डबा सुटला. पुढं शिक्षणासाठी आम्ही सोलापुरात आलो. तिथं पाणी नळाला, तेही एक दिवसाआड. मी मोठी झाले, साडी नेसायला लागले, आणि चाळीस वर्षं माझा डावा पाय डॉक्टर सोडून कुणी उघडा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातल्या एका दुकानासमोर भाचीनं टॅक्सी थांबवली आणि गुडघ्यापर्यंतची काळी चड्डी आणि पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घेऊन आली. "नको असलं तर परत करू," एवढंच म्हणाली.

लाकडी खोलीत मी अर्धा तास बसले होते. कपडे बदलून झाले होते, फक्त बाहेर यायचं होतं. माझा तो मनगटाएवढा पाय, त्यावरच्या पट्ट्यांचे वळ, सगळं उजेडात दिसणार होतं. शेवटी दारावर टकटक झाली. मी कडी काढली. बाहेर भाची, ती म्हातारी आणि किनाऱ्यावरचा जीवरक्षक उभे होते. जीवरक्षक साठीचा असेल, लाल बनियन, गळ्यात शिट्टी. त्याच्या हातात एक खुर्ची होती. तिला भोपळ्याएवढी फुगीर पिवळी चाकं होती.

"फळ्या संपल्या की पुढं ओली वाळू आहे," भाची म्हणाली. "ही खुर्ची त्यात रुतत नाही. थेट पाण्यात जाते. ते म्हणतायत, खुर्ची त्यांच्याकडं असतेच."

मला ढकलत नेलेलं आवडत नाही. आयुष्यभर मी त्याला नकार देत आले आहे. मी म्हणाले, "फळ्यांवरून मी चालत जाणार. शेवटच्या तुकड्यापुरतीच खुर्ची."

जीवरक्षकानं मान झुकवली, जसं काही मी फार शहाणपणाचं बोलले होते.

मग मी चालले. दोन्ही बाजूंना छत्र्या, पेपर वाचणारे, पत्ते खेळणारे, टरबूज कापणारे लोक. माझा पाय सगळ्यांसमोर उघडा होता. दोन-चार जणांनी बघितलं आणि पुन्हा आपापल्या पत्त्यांत डोकं घातलं. तिथं सगळ्यांचीच अंगं उघडी होती. सुटलेली पोटं, ऑपरेशनच्या खुणा, सुरकुत्या. त्यात माझ्या पायाची काय मातब्बरी! फळ्यांच्या टोकाला मी खुर्चीत बसले, कॅलिपरचे पट्टे सोडले आणि कॅलिपर भाचीच्या हातात दिला.

खुर्ची पाण्यात शिरली. पाणी आधी टाचेला लागलं, मग पोटरीला, मग एकदम मांडीवर आलं. थंड! मी ओरडलेच. छातीपर्यंत आलं तेव्हा चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि खुर्ची तरंगायला लागली. जीवरक्षकानं खांदे उडवून हातानं विचारलं, आता?

मी खुर्चीचा दांडा सोडला.

डोकं एकदा पाण्याखाली गेलं. नाकातोंडात खारट पाणी गेलं, आणि एक क्षण मला वाटलं, संपलं, आता हे लोक मला ओढून काढणार. पण हात आपोआप बाजूला गेले. पाणी मागं ढकललं. मी वर आले, खोकले, पुन्हा हात टाकला. चाळीस वर्षं कुबड्या पेलून माझे खांदे पैलवानासारखे झालेत, ते मला त्या पाण्यात कळलं. चार हात मारले आणि वळून पाहिलं तर रिकामी खुर्ची मागं राहिली होती. डावा पाय मागून तरंगत येत होता, बाकीच्या अंगासारखाच हलका. त्याला काही वजनच नव्हतं.

"मावशी! लांब जाऊ नको!" मोबाईल उंच धरून भाची कमरेएवढ्या पाण्यातून ओरडत होती. "मला तिकडं यायला जमणार नाही!"

"मग तू थांब तितंच!" मी ओरडले.

समोर पाण्यात लाल फुग्यांची दोरी बांधलेली होती, तिच्या पुढं जायचं नाही म्हणून. मी ठरवलं, तिथं हात लावायचा. दम लागला की पाठीवर पडायचं, आभाळ बघायचं, पुन्हा वळायचं. जीवरक्षक काठावरची आपली लाल होडी पाण्यात ढकलून आता ती वल्हवत शेजारून येत होता. जवळ आला नाही, हात दिला नाही, फक्त बरोबर राहिला. फुगा हाताला लागला तेव्हा मी तो घट्ट धरला आणि जोरजोरात हसायला लागले. होडीतून तोही हसला आणि त्यानं शिट्टी वाजवली, एक लांबलचक शिट्टी. किनाऱ्यावर लोक वळून बघायला लागले. गळाभर पाण्यात उभी असलेली ती म्हातारी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती. "ब्रावा! ब्रावा!"

परतही मी पोहतच आले.

भाचीनं व्हिडिओ काढून आईला पाठवला होता. दहा मिनिटांत बहिणीचा फोन आला.

"अगं, ही कोण बाई पोहतीय?"

"मीच की."

"खरं सांग."

"व्हय, मीच हाय!" मी आण्णांसारखी बोलून गेले. पलीकडं ती रडायला लागली, आणि लगेच रागावून म्हणाली, "मला का नाही शिकवलं मग आण्णांनी!"

उरलेले तीन दिवस मी रोज अकरा वाजता त्या म्हातारीबरोबर उतरले. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. ती इटालियनमध्ये बोलायची, मी मराठीत, आणि दोघींचं छान चालायचं. शेवटच्या दिवशी मी लाल फुग्यापर्यंत तीन खेपा केल्या.

सोलापुरात परत आल्यावर पहिल्याच सोमवारी मी जलतरण तलावावर गेले. तिथला मॅनेजर माझ्या कुबड्यांकडं बघून म्हणाला, "मॅडम, रिस्क आहे की. काही झालं तर?" मी मोबाईल काढून त्याला व्हिडिओ दाखवला. त्यानं तो एकदा बघितला, मग आतल्या ट्रेनरला हाक मारून पुन्हा बघितला.

"सकाळची लेडीज बॅच सातला असते," तो म्हणाला. "टोपी आणा फक्त."

पायऱ्यांना एका बाजूला कठडा नव्हता, तो त्यांनी पंधरा दिवसांत बसवला. आमच्या बॅचमध्ये अकरा बायका आहेत. त्यातल्या सहा जणींना पोहता येत नव्हतं. त्यांना शिकवायला ट्रेनर आहेच, पण कठडा सोडायची वेळ आली की त्या मलाच हाक मारतात.