दोन बोटं माया

माकेलेसीकडे लग्नाच्या झग्याचं माप द्यायला गेलं की आधी गावं लागतं. हसू नका, खरंच गावं लागतं. आमच्या बेटावर पांगाईच्या धक्क्यावरून चर्चकडे निघालं की उजव्या हाताला तिचं निळ्या पत्र्याचं घर. पुढच्या खोलीत पायमशीन, भिंतीला उभा आरसा आणि दारात शेजाऱ्यांची डुकरं. नवरी हात वर करून उभी राहते आणि माकेलेसी गळ्यात टेप घालून हुकूम सोडते, "हं, म्हण. दुसरं कडवं म्हण, त्यात सूर वर जातो." बाईने छातीभर श्वास घेतला की त्या श्वासावर ती टेप लावते.

"श्वास सोडल्यावर घेतात ते मढ्याचं माप," ती म्हणते. "नवरीला चर्चमध्ये गायचं असतं."

मापाचा आकडा ती कधी मोठ्याने उच्चारत नाही. वहीत लिहिते आणि वही उलटी ठेवते. आणि प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया सोडते, पुढे उसवून सैल करता येईल असं जादा कापड. कापड महाग आहे, एवढी माया कशाला, असं एखादी आई म्हणालीच तर तिला ऐकवते, "माया सोडली नाही तर पुढच्या वर्षी तुझी लेक काय नेसेल? पडदा?"

हे वेड तिला तिच्या स्वतःच्या लग्नापासून लागलं. चौतीस वर्षांपूर्वी तिने काटकुळ्या मावसबहिणीचा मागून आणलेला झगा घातला होता. तो पाठीवर बसेना, म्हणून अकरा पिना लावल्या होत्या. अख्खं लग्न तिने पाठ भिंतीला लावून काढलं आणि एकही गाणं म्हटलं नाही. नवरा गेला, त्यालाही आता नऊ वर्षं झाली. लग्नाचा फोटो भिंतीवर आहे, पण त्यात ती हसत नाही. लग्नाच्या त्या दिवशीच तिने ठरवलं होतं की या बेटावरची कुठलीही भरल्या अंगाची पोर पिना लावून लग्नाला उभी राहणार नाही.

यंदा टोकीलुपे आली. टोकी शाळेत मास्तरीण. अंगाने चांगली भरलेली, उंच, चालली की फळी वाजते. आमच्याकडे त्याला कुणी जाडी म्हणत नाही, जाडी म्हणायला माणूस विमानाने यावा लागतो. पण टोकीने फोनवर कसलेकसले फोटो पाहिले होते आणि तिचा चेहरा पडला होता.

"मावशी, खूप झालरी लावशील? म्हणजे मी त्यात झाकून जाईन."

"झालरी लावल्या तर लोक म्हणतील, झालर आली. तू कुठे आहेस म्हणून शोधतील," माकेलेसी म्हणाली. "लपवायला गेलीस की नेमकं तेच दिसतं. इकडे बघ."

तिने राजधानीहून, नुकुआलोफाहून बोटीने मागवलेलं जाड साटीन उलगडलं, दुधासारखं, न चकाकणारं. गळा खोल ठेवायचा, कारण टोकीचा गळा आणि खांदे म्हणजे बघत राहावं असे. शिवण कमरेत नाही, छातीखाली. तिथून कापड सरळ खाली सोडायचं, कुठे आवळायचं नाही. सगळं वजन खांद्यांवर तोलायचं. काखेत कापडाची तिकोनी कळी घालायची, म्हणजे हात उचलला तरी झगा वर चढत नाही.

"आणि गाता येईल ना?" टोकीने विचारलं. तिला खरं तर एवढंच विचारायचं होतं.

कारण टोकीचा बाप ताविता. तीस वर्षं आमच्या चर्चमध्ये गाणं त्याने उचललं. पहिली ओळ तो एकटा म्हणायचा, मग सगळा गाव त्याच्यामागून. दोन वर्षांमागे त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता पुढच्या बाकावर बसून तो डाव्या हाताने ठेका धरतो, तेवढंच. टोकीने त्याच्या कानात सांगून ठेवलं होतं, माझ्या लग्नात गाणं मी उचलणार, तुमचं, दोन ओळी एकटीने. तेव्हा तो रडला होता. अर्ध्याच चेहऱ्याने रडला, पण रडला.

"गाता येईल," माकेलेसी म्हणाली. "नाही आलं तर मशीन समुद्रात टाकीन."

शेवटच्या मापाला टोकी झगा घालून आरशासमोर उभी राहिली, तिने पुढून-मागून वळून बघितलं. मग तिने अख्खं गाणं म्हटलं. दुसऱ्या ओळीचा तो उंच सूर लावला, तेव्हा दारातली डुकरं उठून बसली. कुठे काही ताणलं नाही, कुठे चुणी पडली नाही. माकेलेसी जमिनीवर बसून बघत होती. असा झगा तिच्या हातून आजवर उतरला नव्हता, आणि हे तिला माहीत होतं.

बुधवारच्या विमानाने टोकीची लोसे आत्या, ताविताची बहीण, उतरली.

आता आत्या म्हणजे काय, हे सांगायला हवं. आमच्याकडे भावापेक्षा बहीण मोठी, वयाने कितीही लहान असो. आणि भावाच्या पोरांवर आत्याचा शब्द म्हणजे शेवटचा. पोरांच्या लग्नात आत्या सगळ्यांच्या वर बसते. पहिली चटई तिला, पहिलं डुक्कर तिला, आणि तिने बोट दाखवलं ते तिचं. बापाने तोंड उघडायचं नाही, आईने तर नाहीच. लोसे सव्वीस वर्षं ऑकलंडला होती, तिथे म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करायची. मनाने वाईट नव्हती हो. ताविताच्या औषधांचं पार्सल दर महिन्याला तीच पाठवायची.

गुरुवारी सकाळी ताविताच्या घरी माकेलेसीला बोलावणं आलं. तिने चादरीत गुंडाळलेला झगा नेला, चटईवर आत्यासमोर ठेवला, मान खाली घातली आणि बोलायचं ते बोलली.

"आत्याबाई, माफी असावी. आम्ही बेटावरची माणसं, आमचे हात जड. काहीतरी चिंध्या जोडून आणल्यात. तुमच्या नजरेस पडायच्या लायकीचं नाही."

आमच्याकडे असंच बोलतात. बैलाएवढं डुक्कर आणून ठेवणारा माणूस म्हणतो, हा आपला उंदीर घ्या. इथे आत्याने म्हणायचं असतं, अगं काय बोलतेस, राणीला शोभेल असं आहे! मग सगळ्यांनी हसायचं आणि चादर उघडायची. लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

लोसेने चादरीला हात लावला नाही.

"तूच म्हणतेस तर चिंध्याच असतील बाई," ती म्हणाली. "बरं झालं, मी येताना घेऊन आले." आणि तिने खोका उघडला.

आत मणी लावलेला, छातीपासून पोटापर्यंत ताठ, कमरेत निमुळता झगा होता.

टोकीची आई सेइनी चटईचे धागे मोजायला लागली. ताविताचा डावा हात मांडीवर हलला आणि थांबला. माकेलेसीच्या जिभेवर वाक्य आलं होतं, आत्याबाई, ती बोलायची रीत होती, झगा चांगला झालाय, उघडून तर बघा. एवढंच बोलायचं होतं. पण आत्यासमोर आपल्याच कामाची तारीफ? त्यापेक्षा जीभ तुटलेली बरी. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. ती खाली बघत राहिली.

आतल्या खोलीत टोकीला तो झगा चढवला. पाठीवर वीतभर उघडा राहिला.

"श्वास आत घे पोरी, पोट आत," लोसे म्हणाली. "अजून. अजून आत."

"आत्या, मला गायचंय गं त्या दिवशी."

"गायला अख्खा गाव आहे. फोटो तुझा एकटीचा निघणार. तिकडे माझ्याबरोबरच्या बायका बघणार आहेत तो फोटो. मी गेले तेव्हा मला अंगावरून काय काय म्हणायच्या तिथे, तुला नाही ठाऊक. माझ्या भाचीला कुणी काही म्हणता कामा नये." मग ती माकेलेसीकडे वळली. "तू बसव हा. तुझ्या हाताला यश आहे म्हणतात."

आता काय बोलणार! तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माकेलेसी दोन्ही झगे घेऊन घरी आली आणि आत्याचा उलटा करून मशीनवर पसरला. शिवणीत दोऱ्याच्या जाडीएवढंसुद्धा कापड नव्हतं.

"माया किती आहे?" मागून आलेल्या सेइनीने दारातूनच विचारलं.

"सोडलेलीच नाही."

"मग गं?"

"बाजूंनी पट्ट्या घालाव्या लागतील. बंद होईल. पण पुढचा भाग ताठ आहे, त्याला हात लावला तर सगळे मणी ओघळतील. श्वास अडकणार तो अडकणारच."

सेइनी दारातच बसली. "मी काय करू सांग. ती त्याची बहीण. मी या घरात आणलेली बाई. पोरीच्या गाण्यासाठी आत्याला नाही म्हटलं तर उद्या त्याच्या मयताला कोण उभं राहील?" तिने डोळे पुसले आणि ती उठून गेली, कारण घरी पाहुण्यांचं रताळं चुलीवर होतं.

पट्ट्यांना कापड हवं होतं. गावातल्या दोन्ही दुकानांत शाळेच्या शर्टाचं पांढरं होतं. ते मण्यांच्या झग्याशेजारी धरलं की निळं दिसायचं. बोट पुढच्या मंगळवारी यायची होती आणि लग्न या शनिवारी. निळ्या पट्ट्या लावून टोकी गावासमोर उभी राहणार, म्हणजे दुरून सगळ्यांना दिसणार की हिला झगा झाला नाही. अकरा पिनाच त्या, वेगळ्या रंगाच्या. माकेलेसीने शर्टाचं कापड घडी करून बाजूला ठेवलं.

त्या झग्याशी जुळेल असं पांढरं अख्ख्या बेटावर एकाच जागी होतं. ते चादरीत गुंडाळून खुर्चीवर ठेवलं होतं.

शुक्रवारची अख्खी सकाळ तिने त्या चादरीला हात लावला नाही. अंगण झाडलं, डुकरांना नारळ फोडून घातला, पुन्हा अंगण झाडलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दुपारी ती बसली, चादर सोडली, शिवणीतली माया आधी उसवून बघितली. दोन-दोन बोटं, चारही शिवणींत. तेवढ्याने भागत नव्हतं. मग तिने कात्री छातीखालच्या शिवणीवर ठेवली आणि सरळ खाली ओढली. कापताना ती मोठमोठ्याने शिव्या देत होती. आत्याला नाही, स्वतःच्या जिभेला.

संध्याकाळी टोकीला झगा बसला. पट्ट्या कुणाला ओळखू आल्या नाहीत. "बघ!" लोसे म्हणाली. टोकी हसली आणि लगेच थांबली, कारण हसायलाही श्वास लागतो.

शनिवारी चर्च भरलं. ताविताला पुढच्या बाकावर उशा लावून बसवलं होतं, कमरेला त्याची जुनी चटई, आमच्याकडे मान म्हणून कपड्यांवरून गुंडाळतात ती. माकेलेसी तिसऱ्या रांगेत होती. नवरामुलगा फोआ बेटावरचा गरीब पोरगा, तो सारखा कॉलर सोडवत होता. टोकी वळून बापाकडे बघून उभी राहिली. ताविताने डावा हात उचलला.

पहिली ओळ टोकीने म्हटली. आवाज लहान होता, पण सूर खरा. मग दुसऱ्या ओळीआधी तिने श्वास घेतला आणि तो मण्यांपाशी येऊन थांबला. तिचं तोंड उघडं होतं, खांदे वर गेले होते, पण सूर निघाला नाही. ताविताचा हात हवेत तसाच राहिला. माकेलेसीने स्वतःचा श्वास धरून ठेवला, जणू तो पोरीला देता येईल. घे गं, घे, असं ती पुटपुटत होती. ताविता वाट बघत होता. एक ठेका गेला, दुसरा गेला.

आणि मागून सगळ्या गावाने ओळ उचलली. चारी आवाजांत, बायकांच्या दोन्ही आणि पुरुषांच्या दोन्ही, छप्पर हादरेल अशी. गाणं सुंदर झालं, सगळे तसंच म्हणाले. काही चुकलं असं कुणाला वाटलंच नाही. फक्त ताविताचा हात खाली आला आणि मांडीवर पडून राहिला. उरलेल्या गाण्याला त्याने ठेका धरला नाही.

जेवणाच्या मांडवात डुकरं आली, ताडपत्रीवर सुरण, अळूच्या पानांत भाजलेलं लू, कच्ची मासळी. लोसे सगळ्यांच्या वर बसली होती, मागे चटयांचा ढीग. तिने माकेलेसीला हाताने बोलावलं.

"काय बसवलायस गं! फोटो पाठवले, तिकडून बायका विचारतायत, कुणाचा हात म्हणून."

माकेलेसीने मान खाली घातली. तोंडातून सवयीने निघून गेलं, "कसलं आत्याबाई, चिंध्या जोडल्यात."

"अगं काय बोलतेस!" लोसे खळखळून हसली. "राणीला शोभेल असा झालाय!"

म्हणजे हिला बोलायची रीत आठवत होती, गुरुवारीही. माकेलेसी तिथून उठून मांडवाच्या कडेला, भांड्यांपाशी जाऊन बसली. तेवढ्यात टोकी तिला शोधत आली, गाल लाल, कपाळावर घाम. खाली बसता येत नव्हतं म्हणून वाकून बोलू लागली.

"मावशी, ऐक ना. मी आत्याला विचारलं. उद्या रविवारच्या चर्चला तुझा झगा घालू का म्हणून. ती म्हणाली, घाल, वरून चटई नेसायची आहे, आतलं कोण बघतंय." ती हसत होती. "उद्या मी उचलते गाणं. बाबांना सांगून आले, ते हो म्हणाले. हात हलवला त्यांनी. झगा आत्ताच न्यायला येऊ का?"

माकेलेसीने काही बोलायच्या आधी इकडेतिकडे बघितलं. उद्या रविवार, देवाचा वार, सुईला हात लावायचा नाही. आणि लावला असता तरी शिवायला उरलं होतं काय? तिने टोकीचा हात धरला आणि तिच्या काखेखाली, मण्यांच्या बाजूला, पांढऱ्या पट्टीवर ठेवला. टोकीला कळलं नाही. मग तिने बोटांनी कापड चाचपलं, जाड, मऊ, न चकाकणारं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"सगळा?" तिने विचारलं.

"सगळा."

वरच्या बाजूला कुणीतरी भाषणाला उभं राहिलं होतं. पलीकडे उशांना टेकून ताविता लेकीकडेच बघत होता, आणि त्याचा डावा हात मांडीवर हळूहळू ठेका धरून बघत होता, उद्यासाठी.

"बाबांना काय सांगू, मावशी?" टोकीने विचारलं.

माकेलेसी तिचा हात धरून बसून राहिली.