बोगद्याची चावी आणि माझा रोट

परदेशात येऊन मी आयुष्यातलं एकच मोठं बांधकाम केलं. इथल्या माझ्या खोलीपासून धुळ्यात देवपूरच्या आमच्या स्वयंपाकघरापर्यंत थेट बोगदा. त्यापेक्षा सातपुडा आरपार पोखरणं सोपं पडलं असतं! खरं सांगायचं तर इथल्या एका होस्टिंग कंपनीचा सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर स्वतःचा व्हीपीएन चढवला आणि घरातला कॅमेरा त्याला जोडला. व्हिडिओ कॉल मला चालत नसे. कॉल लागला की घरची माणसं केस विंचरून, पाहुण्यासमोर बसावं तशी बसतात. मला वहिनी कळण्याची भाकरी थापताना हवी होती, आणि तिची पाठ वळताच डब्यातली शेव चोरणारा दादा हवा होता.

कॅमेरा बिघडला तर बघता यावा म्हणून वहिनीच्या फोनलाही बोगद्याची चावी दिली. चावी म्हणजे एक चौकोनी कोड. तो दुसऱ्या फोनने टिपला की तो फोनही आत. आता आमची वहिनी म्हणजे दारात आलेल्या कुत्र्यालाही भाकरीबरोबर तूप विचारणारी. या चावीने बंद साइटी उघडतात ही बातमी गल्लीत पसरली, आणि महिन्याभरात माझ्या बोगद्यात एवढी गर्दी झाली की पांझरा नदीच्या पुलाने लाजावं. यावलहून वहिनीचा भाऊ केळीचा घड घेऊन आला, तोही जाताना चावी घेऊन गेला.

मला हे कळत नव्हतं, असं म्हटलं तर जीभ झडेल. चावी मागायला आलेलं माणूस स्वयंपाकघरात टेकायचं, चहा प्यायचं, सुनेच्या चुगल्या सांगायचं. मी हजारो कोस लांब बसून ते सगळं बघायचो. म्हणून गप्प राहिलो.

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. त्याआधीच्या गुरुवारी कंपनीची मेल आली. तुमच्या सर्व्हरवरून एक नवाकोरा सिनेमा चोरून उतरवला गेला आहे आणि उतरवता उतरवता पुढे वाटलाही गेला आहे. हक्कमालकाची तक्रार आली आहे. व्हीपीएन कोणी वापरला ते आम्ही जाणत नाही. सर्व्हर तुमच्या नावावर आहे, तेव्हा जबाबदार तुम्ही. दोन दिवसांत बंदोबस्त करून लेखी कळवा, नाहीतर सर्व्हर बंद.

म्हणजे कानबाई दिसणार नाही. तडक वहिनीला फोन लावला.

"वहिनी, चावी किती जणांना दिली?"

"आते ते कसं सांगू? कोनी मांगं तं नही कसं म्हनू, भाऊ?"

कॉपीराइट सांगून बघितला. ती म्हणाली, पिक्चर काय कोणाचा झिजतो? मग मला सुचलं. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, आमच्या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावाने, तो लांब असला तरी, सव्वा मूठ गहू घेतात, आणि तो रोट न उरवता भाऊबंदांतच संपवायचा असतो. बाहेरच्याला घास नाही. बाकी सगळं वाटणारी वहिनी त्या दिवशी पहारेकऱ्यासारखी उभी असते.

"वहिनी," मी म्हणालो, "ही चावी म्हणजे रोट आहे. बाहेर गेला की बाटला."

"मंग पहिलेच असं सांगनं व्हतं ना, भाऊ! आते बठ्ठासनं बंद!"

मी सगळ्यांच्या चाव्या रद्द केल्या, फक्त कॅमेऱ्याची आणि माझी ठेवली. कंपनीला माफीचं असं पत्र लिहिलं की वाचून त्यांचा सर्व्हरही गहिवरला असेल. शनिवारी उत्तर आलं: प्रकरण मिटलं, पुन्हा घडू देऊ नका.

आता माझी खरी लबाडी सांगतो. जळगावचा एक ओळखीचा पुढच्या आठवड्यात इकडे येणार होता. त्याच्या डब्यात माझा रोट घालायला मी वहिनीला महिनाभर विनवत होतो, आणि ती जवळजवळ पाघळली होती. गुरुवारचा तो फोन ठेवता ठेवता पुन्हा आठवण केली.

"रोट उंबरठा वलांडस नही," ती म्हणाली. "आत्तेच तूच शिकाडं ना माले?"

"वहिनी, ते चावीचं होतं."

"खावाना व्हई तं घर ये."

रविवारी बोगदा उघडला. चहाला टेकणारं कोणी नव्हतं, फक्त भाऊबंद. गंगाफळाची भाजी, खीर, आणि परातीत रोटांची चळत. जेवणं आटोपत आली तसा तळाला एक रोट उरला. वहिनीने तो उचलला, कॅमेऱ्यासमोर धरला, अगदी हातभर अंतरावर. कडेची करपलेली टिकली मला स्पष्ट दिसली. मग तिने तो दादाच्या ताटात ठेवला.

दादाचं पोट भरलेलं होतं, तरी त्याने शेवटचा तुकडा खिरीत बुडवून संपवला. माझा रोट उरलेला चालत नाही.