बेदाणा बघणाऱ्या आक्का

"खोटं बोलायला येळ लागतो, आन् माझ्याजवळ येळ न्हाई," असं म्हणत आक्का कनवटीला हात घालायच्या. चाव्यांचा जुडगा, मिसरीची डबी, एसटीचं तिकीट, रुमालाची गाठ असं एकेक माझ्या टेबलावर निघायचं. "ह्येचं वजान माझ्यात नगं," असं मला बजावून त्या चपला काढायच्या, डोळे मिटायच्या आणि वजनकाट्यावर चढायच्या. काटा थरथरत थांबेपर्यंत त्यांचे डोळे मिटलेलेच असायचे. मी आकडा वाचला की मगच उघडायचे.

मी तेव्हा सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून नवी लागले होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मी, माणसांशी बोलण्यापेक्षा तक्ते भरणं मला सोपं वाटायचं. पेशंट समोर बसला की मी त्याच्याकडे न बघता फॉर्मकडे बघायचे. आक्कांच्या हे पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. "म्याडम, कागदाला पोटाचा तरास न्हाई. मला हाय," त्या म्हणाल्या.

त्रास खराच होता. बेंबीजवळ नारळाएवढा हर्निया. उभ्या राहिल्या की बाहेर यायचा, आडव्या झाल्या की आत जायचा. एखाद्या दिवशी आतडं त्यात अडकलं तर जीवावर बेतेल, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं. पण वजन एकशे चार किलो. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, इतक्या वजनाच्या बाईला भूल द्यायची जोखीम मी घेणार नाही. तेव्हा ठरलं की पंधरा किलो उतरवायचे, मग ऑपरेशन. आणि ते उतरवून घेण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी तक्ता टाइप करून दिला. इंग्रजीत. सकाळी साय काढलेलं दूध आणि दोन मारी बिस्किटं, दुपारी उकडलेल्या भाज्या, संध्याकाळी सूप. आक्कांनी तो माझ्याकडूनच वाचून घेतला. शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्ये कुनाचं जेवान हाय?"

मी तक्त्याकडे पाहिलं. मग त्यांनीच विचारलं, "भाकरी किती खाऊ, त्ये सांगा की." मी दुसरा कागद घेतला. त्या सांगत गेल्या, मी मराठीत लिहीत गेले. अर्धी भाकरी, दोडका नाहीतर घोसावळं, बिनलोण्याचं ताक, बिनसाखरेचा चहा, कांदा पाहिजे तेवढा. शेंगदाण्याची चटणी मी बंद केली. हे ऐकताना मात्र त्यांचा चेहरा उतरला. "चटनी बी?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी चटणीला हात लावला नाही. हे मी आज खात्रीनं सांगू शकते. तेव्हा मात्र सांगू शकत नव्हते.

कारण वजन हलेना. पहिल्या पंधरवड्यात एक किलो गेला, पुढच्या पंधरवड्यात परत आला. त्यानंतर काटा एकशे पाचवर गेला. सर्जन माझ्या खोलीत आले, आकडा पाहिला आणि आक्कांच्या समोरच मला म्हणाले, "या चोरून खातात. सगळेच खातात." आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. "मी चोरून खात न्हाई, डाक्टर," एवढंच बोलून त्यांनी आपल्या वस्तू एकेक करून कनवटीला लावल्या.

खरं सांगते, मला सर्जनचंच पटलं होतं. आक्कांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असणार. दारापर्यंत जाऊन त्या माघारी आल्या. "म्याडम, तुमची सुट्टी कवा अस्ती? तासगावला या. दिसभर माझ्याजवळ बसा. काय खाती त्ये बगा."

मला असल्या आमंत्रणांची भीती वाटते. तरी गेले.

तासगावला बेदाण्याचा हंगाम भरात होता. एसटी स्टँडपासून बेदाणा निवडायच्या शेडपर्यंत ट्रॅक्टरची रांग लागलेली. आक्का तिथल्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होत्या, तीस वर्षं. शेतकरी आपला बेदाणा पेट्यांत भरून आणायचे, आणि तो एक नंबर, दोन नंबर की तीन नंबर हे आक्का ठरवायच्या. रंग आणि आकार कुणालाही दिसतो. पण आतून ओला राहिलाय का, रंगासाठी दिलेली गंधकाची धुरी जास्त झालीय का, पुढे आंबेल का, हे त्यांची जीभ सांगायची. पार बाहेरगावचे व्यापारी विचारायचे, "माल आक्कांनी बघितलाय का?" हो म्हटलं की पेटी न उघडता सौदा व्हायचा.

मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. दुपारी त्यांनी डबा सोडला. अर्धी भाकरी, दोडक्याची भाजी, पेलाभर ताक. त्या जेवल्या, हात धुतला आणि माझ्याकडे पाहिलं. बगा, असं त्यांना म्हणायचं होतं.

पण मी सकाळपासून दुसरंच बघत होते. एक पेटी आली की आक्का वरची चिमूट तोंडात टाकायच्या. मग हात कोपरापर्यंत आत घालून तळातली चिमूट. चावायच्या, गिळायच्या, "एक," म्हणायच्या. पुढची पेटी. वरची चिमूट, तळातली चिमूट. "दोन." तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही मनातल्या मनात हिशेब केला असता. दिवसाकाठी अर्धा किलो बेदाणा तरी त्यांच्या पोटात जात होता.

शेवटी मी बोट दाखवलं. "आक्का, हे?"

"ह्ये काय?"

"हे तुम्ही खाताय ते."

निवडायला बसलेल्या बायका हसल्या. आक्काही हसल्या. "खात न्हाई गं, माल बघतीया. खानं न्हवं त्ये, काम हाय."

मी अर्धा किलो म्हणजे किती भाकऱ्या होतात ते सांगितलं. आक्कांचा पेटीत गेलेला हात तिथंच राहिला. बऱ्याच वेळानं त्यांनी तो रिकामा बाहेर काढला. "म्हंजी डाक्टर खरं बोलला," त्या म्हणाल्या. "आन् मी बी खरंच बोलले."

मी उत्साहानं तोडगा सुचवला. शहाणपणाच्या भरात माणूस कसा फसतो बघा. "चावा आणि थुंकून टाका," मी म्हणाले. एका बाईनं तोंडावर पदर घेतला.

आक्का मात्र चिडल्या नाहीत. मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, ज्येचा माल त्यो म्होरं हुबा ऱ्हातो. वरीसभर बाग जपल्याली अस्ती त्येनं. त्येच्या म्होरं त्येचाच बेदाना थुकू? मी तीन नंबर म्हनलं तर त्यो उद्या परत यील. थुकलं तर न्हाई येनार."

म्याडमची मी 'पोरी' झाले ती त्या दिवशी.

आता बघा काय पेच होता. जीभ चालू ठेवली तर वजन उतरत नाही आणि ऑपरेशन नाही. जीभ बंद केली तर तीस वर्षांचं काम बंद. मालकांनी सुचवलं की आक्का घरी बसू देत, हंगामाचा पगार देऊ. आक्कांनी ऐकलं नाही. चार दिवस नुसत्या विचार करत होत्या, असं नंतर कळलं.

पुढच्या सुट्टीला मी न बोलावताच गेले. एक शेतकरी पेट्या उतरवून उभा होता. उंच, फेटा बांधलेला, बोलायला पक्का. आक्कांनी पेटीतली वरची चिमूट उचलली आणि त्याच्याच हातावर ठेवली.

"पाव्हनं, खावा."

"मी? आवं आक्का, मी तर रोजच खातो."

"आज माझ्याम्होरं खावा."

त्यानं ऐटीत तोंडात टाकली. आक्का त्याच्या जबड्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी तळाच्या कोपऱ्यातली चिमूट काढली. "आता ही."

तो चावू लागला. चावणं हळू झालं. नजर पेटीवरून छपराकडे गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"का वं, दातात काय अडाकलं?" आक्कांनी विचारलं.

"न्हाई... आक्का, तळचा जरा वला हाय."

"जरा?"

"बराच हाय."

शेडभर हशा पिकला. तोही हसला. हसणं ओसरल्यावर आक्का फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोन दिस पातळ पसरा. मंगळवारी आना, एक नंबरात घिऊ." मी जवळ बसले होते म्हणून मला ऐकू आलं.

मग हेच चालू झालं. ज्याचा माल त्यानं खायचा आणि आक्कांनी तोंड बघायचं. कोणी पान खाऊन यायचा, त्याला चूळ भरायला लावायच्या. कोणी बायकोला पाठवायचा, ती पहिल्याच चिमटीला खरं सांगून टाकायची. एक जण तर पेटी न उतरवताच म्हणाला, "आक्का, मी घरी खाऊन बगितलं. दोन नंबरच हाय." काम हळू व्हायचं, दारात ट्रॅक्टर खोळंबायचे, मालक येरझारा घालायचे. आक्का त्यांना म्हणायच्या, "एवढा हंगाम कळ काढा. आप्रेशन झालं की परत जीभ लावते."

काटा उतरू लागला. एकशे एक. अठ्ठ्याण्णव. चौऱ्याण्णववर तीन आठवडे अडून बसला तेव्हा मी घाबरले. आक्का घाबरल्या नाहीत, संध्याकाळची भाकरी सोडून नुसत्या ताकावर आल्या. मी रागावले, तसं करायचं नसतं म्हणाले. तर म्हणाल्या, "तुझ्या कागदात न्हवतं, व्हय? मग लिव." मी लिहिलं नाही. भाकरी परत सुरू करायला लावली, आणि त्यांनी ती मुकाट्यानं केली.

जूनच्या अखेरीला काटा एकोणनव्वदवर थांबला. सर्जन स्वतः बघायला आले. आकडा पाहून ते आक्कांना म्हणाले, "मी त्या दिवशी चुकीचं बोललो." आक्का म्हणाल्या, "तुमी न्हाई चुकला. तुमाला बेदान्याचं काम ठावं न्हवतं. ऱ्हाऊ द्या. आता नीट शिवा म्हंजी झालं."

ऑपरेशनच्या सकाळी मी खाटेजवळ गेले. "भीती वाटते?" मी विचारलं. दुसऱ्या कोणी नाही म्हटलं असतं. "लय," आक्का म्हणाल्या, आणि माझा हात इतका घट्ट धरला की सिस्टरला सोडवावा लागला.

ऑपरेशन चांगलं झालं. अकराव्या दिवशी त्या पायी चालत घरी गेल्या. तक्ता मात्र मी तोच चालू ठेवायला सांगितला.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मी नोकरी सोडून साताऱ्याला परत निघाले. निरोप घ्यायला तासगावला गेले. तीच आमची शेवटची भेट. हंगामाचा पहिला माल आला होता. आक्का अंगानं निम्म्या वाटत होत्या, ताठ बसल्या होत्या. मालकांनी हौसेनं पहिली पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आक्का, आज जीभ लावा."

आक्कांनी वर्षभरानं एक बेदाणा तोंडात टाकला. सगळे थांबले. त्या चावत राहिल्या.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. बेदाणा गोड असणारच. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या पेटीतला घेतला. "ह्यो बी ग्वाड हाय." तिसरीतला घेतला आणि पेटीत वाकून पाहिलं.

"नंबर सांगा की," मालक म्हणाले.

"न्हाई सांगता येत. समदं सारखंच ग्वाड लागतंय."

"अंदाजानं सांगा. तुमचा शब्द कोण मोडतंय?"

"म्हनून तर न्हाई सांगत." आक्कांनी पेटी हातानं बाजूला सारली. "तोंडं बगून निवडीन मी, वला का वाळला त्ये सांगीन. पर आजपासनं कुनाला म्हनू नगा की आक्काच्या जिभंनं बघितलाय."

मालक बाहेर ट्रॅक्टरकडे गेले. बायका खाली मान घालून निवडू लागल्या. तो तक्ता माझा होता. वर्षभर त्यांच्या जिभेला साखर लागू दिली नव्हती ती मी.

"आक्का, माझ्यामुळं..."

"गप." त्यांनी मला शेजारी बसवलं. "तीस वरसं तोंडात टाकत हुते. एक नंबर कळायचा, दोन नंबर कळायचा. पर त्यो असा लागतो, ह्ये ठावं न्हवतं मला."

मग त्यांनी पेटीतला आणखी एक बेदाणा उचलला. या वेळी समोर कुणी शेतकरी नव्हता, नंबर सांगायचा नव्हता. डोळे मिटून त्या तो हळूहळू, खूप वेळ खात राहिल्या. दुसरा घेतला नाही.