मधल्या वजनाचा माणूस

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून जगातल्या मिडलवेट बॉक्सरांचे नंबर लावायचा. "हेवीवेटचं काय सांगता? उसाचा ट्रक अंगावर आला तर कुणीबी पडंल. खरा खेळ मधल्या वजनाचा," म्हणायचा. कोण किती जिंकला हे तो बघतच नसे. आपटल्यावर कोण कसा उठला, त्यावर त्याचा नंबर.

दुष्काळात ऊस कुठला? काट्यावर छावणीचा चारा मोजला जाई. एकदा एका पुढाऱ्याच्या माणसाने वजन वाढावं म्हणून आपले गडी ट्रकबरोबर काट्यावरच उभे केले.

"गडी खाली उतरवा. जनावरं यांना खानार हायेत का?" कारकून म्हणाला.

त्या माणसाने त्याला एक ठेवून दिली. कारकून आडवा झाला. तो गुडघ्यावर आला, चष्मा शोधून पुसला, उभा राहिला आणि त्याच आवाजात म्हणाला, "गडी खाली उतरवा."

गडी आपणहून एकेक करून उतरले.

संध्याकाळी मी भारावून म्हणालो, "आज पहिला नंबर तुमचा."

"का म्हून?" सुजलेला गाल चोळत तो चिडला. "हात खाली सोडून मार खाल्ला मी. असल्याला नंबर न्हाई."