पाद्रीसाहेबांची गुळाची तुला

आमच्या पाद्रीसाहेबांइतका अस्सल सातारी माणूस साताऱ्यात जन्मलेल्यांतही मला भेटला नाही, आणि ते तर बोटीतून आलेले! महायुद्ध चालू होते. उंब्रजजवळच्या एका खेड्यात मिशनचा दवाखाना होता. साहेब तिथले डॉक्टर आणि रविवारचे उपदेशक, आणि मी सांगलीहून आलेली ख्रिस्ती नर्स. मी शिस्तीची, आणि साहेबांचा शिस्तीशी काडीचा संबंध नाही. मराठी ते गाडीवानांकडून शिकले होते. उपदेशाला उभे राहिले की म्हणायचे, "येशू म्हनला, गड्यांनो, उद्याचा लय घोर लावून घिऊ नगा." सांगलीचे पाहुणे रुमालात तोंड लपवत आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होई. गावकरी मात्र माना डोलवत ऐकत.

देह असा अगडबंब, की साहेबांना लांबून पाहताच टांगेवाला घोडा वळवून पसार व्हायचा. मिरचीचा खर्डा खाताना डोळ्यांतून धारा लागत, आणि तरी, "लय ग्वाड हाय!" रोग्याची जीभ बघायच्या आधी त्याच्या जनावरांची चौकशी. एकदा पाटणकडचा एक म्हातारा पोटदुखी घेऊन आला, तर त्याच्या गाभण म्हशीवर दोघांचे असे रंगले की साहेब औषध द्यायचेच विसरले. म्हातारा बरे वाटून घरी गेला, हा भाग वेगळा.

साहेबांचा जिवलग मित्र म्हणजे भैरोबाचे गुरव, तात्या. रोज संध्याकाळी दोघे दवाखान्याच्या पायरीवर बसत. साहेब तात्यांना शुभवर्तमान ऐकवत, तात्या साहेबांना भैरोबाच्या करामती. समोरचा आज ना उद्या सुधारणार, याबद्दल दोघांनाही तिळमात्र शंका नव्हती.

एका पावसाळ्यात साहेबांनाच विषमज्वराने गाठले. ताप उतरेना. मी देवाचा धावा करत होते, आणि दाराबाहेर तात्या बसून. कितीही हाकलले तरी हलायचे नाहीत. शेवटी साहेबांनी डोळे उघडले, पेज मागितली, आणि तात्यांनी आनंदाच्या भरात बॉम्ब टाकला. साहेब उठले की त्यांच्या भारंभार गूळ वाहीन, असा नवस त्यांनी भैरोबाला केला होता! आणि तुलेत बसायचे स्वतः साहेबांनी.

"तात्या, अहो ते पाद्री आहेत!" मी ओरडलेच.

"व्हय की. पर मागताना देवानं त्ये इचारलं न्हाई," तात्या म्हणाले. नवस फिटेपर्यंत त्यांनी मीठ सोडले होते. अळणी भाकरी खाऊन त्यांचे तोंड उतरले होते.

मी साहेबांना स्पष्ट सांगितले, "साताऱ्याच्या वरिष्ठांना कळले तर तुम्हाला पुढच्या बोटीने मायदेशी धाडतील." साहेबांना हे गाव सोडायचे नव्हते, इथेच देह ठेवायचा होता. ते उशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, "सिस्टर, म्हाताऱ्यानं माज्यासाठी मागनं मागितलं. त्ये कुनाच्या देवानं आयकलं, त्यो वाद आमी फुडं बगू. पर त्याला अळनी कसा ठिऊ?"

देवळात जाणार नाही, बाहेर चिंचेखाली बसतो, एवढीच तडजोड. गुऱ्हाळाचा मोठा तराजू चिंचेला टांगला. साहेबांच्या आकाराचा अंदाज घेऊन तात्यांनी गावभर फिरून गाडीभर ढेपा जमवल्या होत्या. साहेब पारड्यात मांडी घालून बसले. पोरे खिदळत होती, बायका पदरात हसत होत्या. ढेपा चढू लागल्या. थोड्याच चढल्या, आणि साहेबांचे पारडे अलगद वर आले. गाडीतला बहुतेक गूळ तसाच होता.

"काटा आडाकलाय," म्हणून तात्यांनी तराजू हलवून पाहिला. काटा ठीक होता. मग त्यांनी वर साहेबांकडे पाहिले, आणि धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. "आरं, लय थोडा उरलास रं गड्या."

साहेब वरून म्हणाले, "उरलेला गूळ दवाखान्यात धाडा, तात्या. सगळा खातो. आनि आता जावा, मीठ खावा."

बातमी साताऱ्याला पोहोचायला वेळ लागला नाही. वरिष्ठ आले, गोड बोलले, साहेबांच्या प्रकृतीला इथली हवा मानवत नाही असे ठरवून गेले. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. साहेब मायदेशी निघाले तेव्हा टांगेवाल्याने घोडा वळवला नाही, उलट स्टेशनापर्यंत फुकट नेले.

पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी पाहते तो तात्या प्रार्थनाघराच्या दारात उभे. पागोटे काढावे की ठेवावे, या घोटाळ्यात. मी बाहेर गेले.

"बाई, भैरोबाची शीव आपल्या वड्यापातूर," ते हळूच म्हणाले. "सायेबाच्या मुलखात त्याचं चालत न्हाई. तितं तुमचा देव आसतोय म्हनं. सायेबाकडं ध्यान ठेव, येवडं त्याला सांगाय आलोय."

मी त्यांना आत नेले, माझ्याशेजारी बाकावर बसवले. तात्यांनी हात जोडले आणि सगळीकडे बघितले. आमच्याकडे मूर्ती नाही, तसबीर नाही, समोर नुसती पांढरी भिंत.

"कुटं बगून सांगू?" त्यांनी विचारले.

"कुठेही बघून सांगा, तात्या," मी म्हणाले.